कॅमेऱ्याची गोळी आणि खुणा करणारा संगणक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरी जिल्ह्यात एका पोटविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात काम करते. रुग्णाला पट्टा बांधायचा, गोळी गिळायला द्यायची, संध्याकाळी व्हिडिओ संगणकावर उतरवायचा आणि डॉक्टरांच्या आधी एकदा नजरेखालून घालायचा, हे माझं काम. या व्हिडिओवर आता संगणकही (म्हणजे एआय, कृत्रिम बुद्धिमत्ता) खुणा करून देतो, आणि तेव्हापासून फोनवरचे प्रश्न बदललेत. पूर्वी लोक विचारत, "दुखतं का?" आता विचारतात, "रिपोर्ट मशीनने दिला की डॉक्टरांनी?" पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. तुमच्या गोळ्या-औषधांचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारून घ्या.

१. ही कॅमेऱ्याची गोळी म्हणजे नक्की काय?

साधारण २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड कॅप्सूल. आत छोटा कॅमेरा, दिवे आणि बॅटरी. पाण्याबरोबर गिळली की आतड्याच्या नेहमीच्या हालचालीने ती आपली आपण पुढे सरकते आणि सेकंदाला २ ते ६ फोटो काढून कमरेच्या पट्ट्यातल्या रेकॉर्डरला पाठवत राहते. बॅटरी ८ ते १२ तास चालते. तेवढ्यात पन्नास-साठ हजार फोटो सहज जमतात. कल्पना गॅव्रिएल इदान या इस्रायली अभियंत्याची. मूळचा हा क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम करणारा माणूस. अमेरिकेत या तपासणीला २००१ साली मान्यता मिळाली. दुखत नाही, भूल लागत नाही.

२. वरून एन्डोस्कोपी झाली, खालून कोलोनोस्कोपी झाली, दोन्ही नॉर्मल. मग आणखी हे कशाला?

कारण दोन्हींच्या मध्ये काही मीटर लांबीचं लहान आतडं राहतं. वरची दुर्बीण त्याच्या सुरुवातीपर्यंत पोचते, खालची फार तर शेवटच्या टोकात डोकावते. कोकण रेल्वेचं रोहा स्टेशन पाहिलं, मडगाव पाहिलं, पण करबुड्याच्या बोगद्यात कोणी शिरलंच नाही, तसं हे. हिमोग्लोबिन सारखं उतरतंय, शौचाला डांबरासारखी काळी होतेय, क्रोन्सचा (आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण आणणाऱ्या आजाराचा) किंवा आतड्यातल्या गाठीचा संशय आहे, अशा वेळी ही गोळी देतात.

रक्त डोळ्यांना दिसत असेल तर "गणपती झाले की बघू" असं करू नका. रक्तस्राव दिसल्यापासून ४८ तासांच्या आत गोळी गेली तर जागा सापडण्याची शक्यता सगळ्यात चांगली असते. नंतर जखम भरते आणि आम्हाला स्वच्छ आतडं दिसतं.

३. एआय त्या गोळीतच असतं का? ते पोटात काही करतं का?

नाही. गोळी फक्त फोटो काढते. एआय दवाखान्यातल्या संगणकावर किंवा दूरच्या सर्व्हरवर असतं आणि त्याचं काम पट्टा सुटल्यावर सुरू होतं. तुमच्या दृष्टीने तपासणीत काहीच बदलत नाही: तीच गोळी, तोच उपास, तोच पट्टा.

४. मग ते नेमकं करतं काय?

पन्नास हजार फोटोंपैकी कुठल्या काहीशे फोटोंकडे माणसाने थांबून पाहावं, ते निवडून देतं. आधी माणसांनी खुणा केलेले लाखो फोटो त्याला दाखवलेले असतात: हा व्रण, ही फुगलेली रक्तवाहिनी, हे रक्त, हे नुसतं पित्त. त्यातून ते रंग, कडा आणि पोत यांचे नमुने उचलतं आणि नव्या फोटोत तसलं काही दिसलं की चौकट आखतं.

याआधीही गोळीच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल रंग शोधणारी सोय असायची. ती अगदी भोळी. लाल ठिपका दिसला की रक्त! नवं सॉफ्टवेअर बरंच शहाणं आहे, पण फसतं. एका बाईंच्या व्हिडिओत लहान आतड्याच्या मध्यावर त्याने ओळीने अकरा फोटोंवर चौकटी मारल्या, सगळ्या एकाच काळपट तांबड्या तुकड्याभोवती. कडेने चिकटलेला, अगदी गोठलेल्या रक्तासारखा. मी व्हिडिओ मागेपुढे केला. तुकडा भिंतीवरून सुटून वाहून गेला आणि खाली भिंत साफ, ओरखडासुद्धा नाही. बाईंना फोन लावला, "काकू, आदल्या दिवशी कोकम काही?" तिकडून लगेच उत्तर, "सार घेतलं होतं गो, पण गाळून!" गाळणीतून सालीचा एक तुकडा सुटला होता. (म्हणूनच प्रश्न ७ नीट वाचा.)

५. त्याने खरंच काही फरक पडतो का, की नुसती जाहिरात?

फरक पडतो, आणि मी तो रोज डोळ्यांनी अनुभवते. एक व्हिडिओ नीट वाचायला माणसाला अर्धा तास ते दीड-दोन तास लागतात. चित्रं एकसारखी: पिवळट-गुलाबी भिंत, त्यावर विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखे पाण्यात हलणारे मऊ तंतू, बुडबुडे, पुन्हा भिंत. फुगलेली रक्तवाहिनी एखाद्याच फोटोत असते आणि तेवढ्यात फोन वाजतो. लागोपाठ व्हिडिओ वाचले तर पहिल्यानंतरच नजर ढिली पडते, हे अभ्यासातही दिसलं आहे.

आकडे हवेत तर दोन सांगते. चीनमधल्या ७७ केंद्रांतल्या ६,९७० रुग्णांचे ११ कोटींहून जास्त फोटो घेऊन केलेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. नेहमीच्या पद्धतीने एक व्हिडिओ वाचायला सरासरी ९६.६ मिनिटं लागली, संगणकाने गाळून दिलेली चित्रं पाहायला ५.९ मिनिटं. विकृती असलेल्या रुग्णांपैकी बरोबर ओळखल्या गेलेल्यांचं प्रमाण (संवेदनशीलता) ७४.५७ टक्क्यांवरून ९९.८८ टक्क्यांवर गेलं. दुसरा अभ्यास युरोपातल्या १४ केंद्रांचा, २०२४ चा. लहान आतड्यातून रक्त जात असल्याचा संशय असलेल्या १३३ जणांत नेहमीच्या वाचनाने सुमारे ६२ टक्के जणांत कारण ठरावं असं काही सापडलं, एआयच्या मदतीने सुमारे ७४ टक्के जणांत. वेळ सरासरी ३३.७ मिनिटांवरून ३.८ मिनिटांवर आला.

ही मिनिटं माणसाची आहेत, हे विसरू नका. दोन्हीकडे गाळलेली चित्रं शेवटी डॉक्टरांनीच पाहिली. शिवाय ९९ टक्के ऐकून हुरळून जाऊ नका. ज्या गोळीच्या, ज्या लोकांच्या फोटोंवर सॉफ्टवेअर शिकलं, तिथे ते सगळ्यात हुशार असतं. आपल्याकडचे आजार थोडे निराळे आहेत, ते प्रश्न १२ आणि १३ मध्ये येईल.

६. मग रिपोर्ट कोणाचा? मशीनचा की डॉक्टरांचा?

सहीवाल्या डॉक्टरांचा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही माणसाची देखरेख आणि जबाबदारी यांवर भर आहे. रुग्णाने काय विचारावं? मी असते तर एकच विचारलं असतं: "संगणकाने निवडलेलेच फोटो पाहिलेत की पूर्ण व्हिडिओ?" खुणा नसलेले फोटो पुन्हा सहसा कोणी उघडत नाही, आणि सुटलं तर तिथेच सुटतं. आमच्याकडे पूर्ण व्हिडिओ एकदा वेगाने तरी पळवतात. सगळीकडे असंच असेल असं नाही. विचारायला लाजू नका.

७. आदल्या दिवशी काय खायचं? पेज चालेल का?

दुपारी हलकं जेवण आणि नंतर फक्त पारदर्शक पातळ पदार्थ, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. पेजेची वरची निवळ चालते, शितं नकोत. शहाळ्याचं पाणी चालतं, पण मलई खाऊ नका, तो मोह आवरा. साखरपाणी चालतं. कोकम सरबत, आगळ, सार, सोलकढी, बीट, जांभळं आणि लाल रंगाचं काहीही नको. नाचणीची आंबील तर मुळीच नको. पौष्टिक आहे, पण काळपट थर भिंतीला असा चिकटून बसतो की मला दिसत नाही आणि संगणकालाही नाही. पोट साफ करायची पावडर ठरलेल्या पाण्यात ठरलेल्या वेळी संपवा. फेस मोडणारं औषध दिलं असेल तर तेही घ्या. गिळण्याआधी १०-१२ तास पोट रिकामं हवं.

लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, कारण त्यांनी आतडं काळं दिसतं. किती दिवस आधी, ते डॉक्टर सांगतील. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

गोळी गिळल्यावर साधारण दोन तासांनी पाणी आणि चार तासांनी हलकं खाणं मिळतं.

८. माझ्या आवशीचा वय ऐंशी. तिका ही गोळी गिळूक जमात काय?

वय आडवं येत नाही, गिळणं येतं. पाणी पिताना ठसका लागत असेल, अर्धांगवायू होऊन गेला असेल, घास अडकत असेल, तर आधी सांगा. गोळी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशा वेळी दुर्बिणीच्या टोकाला लावून ती थेट जठराच्या पुढे सोडता येते.

म्हाताऱ्या माणसांत हृदयाची महाधमनीची झडप अरुंद झालेली असेल तर आतड्यातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त जाण्याचा संबंध असतो. म्हणून हृदयाची फाइलही बरोबर आणा. पोटाच्या डॉक्टरांकडे जाताना ती कशाला, म्हणून लोक घरी ठेवून येतात.

९. पेसमेकर आहे. चालेल?

बहुधा हो. सुरुवातीला मनाई असायची, पण पुढच्या अनुभवात गोळी आणि पेसमेकर यांनी एकमेकांना त्रास दिल्याचं सहसा दिसलं नाही. तरी आधी सांगा, डॉक्टर हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठरवतील. गरोदर असाल तरीही आधी सांगायचं. शक्य असेल तर ही तपासणी बाळंतपणानंतर ढकलतात.

१०. पट्टा लावून घरी जाता येतं का? मच्छीवर जाऊ का?

घरी, बाजारात, ऑफिसात खुशाल जा. मोबाईल चालतो. पट्टा भिजवू नका, धक्के देऊ नका, ओझी उचलू नका. एमआरआयच्या आसपास फिरकू नका.

होडीवर जाऊ नका. हा प्रश्न मला मिरकरवाड्यातून आणि हर्णैतून इतक्यांदा आला की वेगळा लिहावा लागला. ट्रॉलरवरचा वायरलेस संच जोरात लहरी सोडतो आणि रेकॉर्डरच्या नोंदीत व्यत्यय येऊ शकतो. शिवाय मध्येच पोटात दुखलं तर समुद्रात कोण बघणार? एक दिवस जाळं कोरडं राहू दे.

११. गोळी आत अडकली तर? ऑपरेशन?

१४ दिवस होऊनही बाहेर पडली नाही तर ती अडकली असं म्हणतात. २०१० च्या एका मोठ्या आढाव्यात २२,८४० तपासण्यांत हे प्रमाण १.४ टक्के होतं. क्रोन्स आधीच ठाऊक असलेल्यांत किंवा आतडं कुठे आखडलेलं असेल तिथे ते जास्त असतं. टीबीने, किंवा सांधेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्यानेही आतडं आखडतं. केमिस्टकडून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या लोक 'औषध' म्हणून मोजतच नाहीत. विचारल्यावर "काही चालू नाही" म्हणतात आणि पिशवीतून पाकीट डोकावत असतं.

आखडल्याचा संशय असेल तर आधी सीटी करतात किंवा आपोआप विरघळणारी चाचणी गोळी देतात. ती सुखरूप बाहेर आली तरच खरी गोळी. अडकलेली गोळी पुष्कळदा औषधांनी किंवा लांब दुर्बिणीने निघते, काहींना ऑपरेशन लागतं. यात एआयचा काही उपयोग नाही, हे स्पष्ट सांगते. संगणक गोळी गिळल्यानंतर येतो आणि हा निर्णय गिळण्याआधीचा आहे.

गोळी बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. अपघात होऊन दुसऱ्या दवाखान्यात गेलात तरी हे सांगायचं. शंका असेल तर पोटाचा एक्स-रे काढला की गोळी लगेच दिसते.

१२. एआयने व्रण दाखवले. हा टीबी की क्रोन्स, ते मशीन सांगेल ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त काळजी मला याच प्रश्नाची वाटते.

संगणक 'इथे व्रण आहे' म्हणतो, आणि ते बहुधा बरोबर असतं. व्रण कशाचा, हे फोटोत लिहिलेलं नसतं. टीबीचे व्रण पुष्कळदा आडवे असतात, क्रोन्सचे लांबट उभे, पण हे नियम दोन्हीकडून मोडतात. वेदनाशामकांचे व्रणही तसेच दिसू शकतात. गोळी तुकडा काढून आणू शकत नाही. त्यासाठी लांब दुर्बीण, तुकड्याची तपासणी, टीबीच्या जंतूंची चाचणी, सीटी, आणि रुग्णाची सगळी हकिकत लागते: ताप, वजन, घरात कोणाला टीबी होता का, मुंबईला चाळीत कोणाबरोबर राहता.

ज्या देशांत ही सॉफ्टवेअरं शिकली, त्यांतल्या कित्येक ठिकाणी आतड्याचा टीबी आता क्वचित दिसतो. आपल्याकडे तो पहिल्या दोन-तीन संशयितांत असतो. आणि चूक महागात पडते, कारण क्रोन्स समजून स्टिरॉइड सुरू केलं आणि आत टीबी निघाला तर तो पसरतो. म्हणून 'एआयनुसार क्रोन्स' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा आणि दुसरं मत घ्या.

१३. जंत दिसतात का? गावात बहुतेकांच्या पोटात असतात म्हणे.

दिसतात, हलतानासुद्धा. आकडीचे जंत भिंतीला चिकटून रक्त पितात आणि रक्तक्षय करतात. ओल्या मातीत अनवाणी चालताना त्यांच्या अळ्या पायाच्या त्वचेतून शिरतात, म्हणून लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहणाऱ्यांना हा प्रश्न अगदी रास्त आहे. आकडीचे जंत ओळखायला संगणकाला शिकवण्याचे प्रयोग झाले आहेत, पण तुमच्या दवाखान्यातलं सॉफ्टवेअर ते शिकलेलं असेलच असं नाही. न शिकलेलं सॉफ्टवेअर जंताला आतड्यातला कचरा समजून पुढे जातं. खरं तर एवढ्यासाठी गोळी गिळायची गरजच नाही, आधी शौचाची तपासणी करा.

१४. रिपोर्ट नॉर्मल आला, एआयलाही काही सापडलं नाही. पण हिमोग्लोबिन पुन्हा आठवर. आता?

परत या. 'काही दिसलं नाही' आणि 'काही नाही' यांत फरक आहे. रक्त थांबून थांबून जातं. गोळी मोठ्या आतड्यापर्यंत पोचण्याआधी बॅटरी संपलेली असू शकते (प्रश्न ११ मधल्याच आढाव्यात सुमारे सहांत एकाची तपासणी अशी अपुरी राहिली होती). सुरुवातीच्या भागातून ती भरकन जाते आणि मोजकेच फोटो मिळतात. भिंतीच्या आतून फुगवटा आणणारी गाठ वरून गुळगुळीत असते, ती माणसाच्याही आणि संगणकाच्याही नजरेतून निसटते. रिपोर्टमध्ये 'तपासणी पूर्ण' आणि 'आतड्याची स्वच्छता' या दोन ओळी आधी वाचा. जुना व्हिडिओ नव्या सॉफ्टवेअरवर पुन्हा चालवता येतो का, हेही विचारा. कधी कधी दुसरी गोळी न गिळताच काम होतं.

१५. यासाठी मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातली बांबोळी गाठावीच लागते का?

गोळी गिळायला तज्ज्ञ समोर बसलेला लागत नाही, पण अडकली तर सोडवणारा माणूस गाठता येईल इतक्या अंतरावर हवा. व्हिडिओ वाचणारा कुठेही बसू शकतो. इथे एआयचा कोकणाला खरा फायदा दिसतो मला: रात्री इथून व्हिडिओ चढवला, तिकडच्या तज्ज्ञांनी सकाळी निवडक चित्रं पाहिली. अडचण चढवण्याचीच. फाइल मोठी, श्रावणात नेट गेलं की गेलं, लाइट त्याच्या आधी. आम्ही दोनदा सगळं पेनड्राइव्हवर घालून रात्रीच्या गाडीने माणूस धाडला आहे.

१६. माझे फोटो कुठे जातात?

सॉफ्टवेअर दवाखान्यातल्याच संगणकावर असेल तर कुठेच नाही. सर्व्हरवरचं असेल तर बाहेर जातात. नाव-गाव काढून पाठवतात का, आणि सॉफ्टवेअरला शिकवायला वापरतात का, हे सही करण्याआधी विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागण्याची आणि दिलेली संमती मागे घेण्याची तरतूद आहे. उपचाराची सही आणि शिकवण्यासाठीची सही वेगळ्या कागदांवर असाव्यात, हे माझं मत.

१७. एआयचे वेगळे पैसे पडतात का?

खर्च मुख्यतः गोळीचा, कारण ती एकदाच वापरतात. एआयचे काही ठिकाणी वेगळे लावतात, काही ठिकाणी नाही. आधी लेखी अंदाज मागा. सरकारी योजनेत बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयातले आरोग्यमित्र सांगतात.

१८. रिपोर्टमधला फोटो मी मोबाईलवरच्या चॅटबॉटला दाखवला. तो कॅन्सर म्हणतोय!

तो बुडबुडा असू शकतो. खरंच, एकदा बुडबुडाच होता. मोबाईलवरचा गप्पा मारणारा एआय आणि आतड्याच्या फोटोंवर तयार करून तपासलेलं वैद्यकीय सॉफ्टवेअर, हे दोन वेगळे प्राणी आहेत. भारतात वैद्यकीय वापराचं सॉफ्टवेअर २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येतं. तुमचा चॅटबॉट त्यात नाही. शिवाय एका स्थिर फोटोवरून आम्हालाही सांगता येत नाही, मागचे-पुढचे फोटो लागतात (ती कोकमाची साल आठवा).

१९. संगणकाने खूण केली, डॉक्टर म्हणतात काही नाही. कोणाचं ऐकू?

डॉक्टरांचं, पण कारण विचारून. संगणक मुद्दामच जरा घाबरट ठेवलेला असतो, दहा खोट्या खुणा झाल्या तरी चालतील पण एक खरी सुटू नये. लसिकावाहिन्यांचे पांढरे ठिपके, पित्ताचे डाग, घडीची सावली यांवर तो हमखास थांबतो. डॉक्टरांनी "हे अमुक आहे म्हणून सोडलं" असं एका वाक्यात सांगितलं तर निर्धास्त राहा. "मशीनचं काय घेऊन बसलात" एवढंच उत्तर मिळालं तर फोटो मागून घ्या आणि दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवा.

२०. गोळी बाहेर पडली. धुऊन परत आणून द्यायची का?

बहुतेक गोळ्यांसाठी नाही. फोटो आधीच रेकॉर्डरमध्ये आलेले असतात. अपवाद एकाच प्रकारच्या गोळीचा. तिला पट्टाच नसतो, फोटो तिच्याच पोटात साठतात. ती दिली असेल तर गोळा करायचं भांडं आणि लोहचुंबकाची काडी बरोबर देतात, आणि ती परत आणली नाही तर तपासणी वाया जाते. तुम्हाला पट्टा बांधला होता का, एवढं आठवलं की उत्तर मिळालं.

गुहागरकडचे एक आजोबा साधी पट्टेवाली गोळी स्वच्छ घासूनपुसून, स्टीलच्या डबीत कापसावर ठेवून एसटीने घेऊन आले होते. मी ती दोन्ही हातांनी घेतली, वहीत नोंद केल्यासारखं केलं आणि त्यांना चहा मागवला.